हिवाळ्याची चाकं

डिसेंबर लागला की जयनगरच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण बंगळूरच्या थंडीतला. त्याच्या सालीला एक तेलकट, उग्रसर वास असतो आणि शेंगा सोलल्या की तो दोन-दोन दिवस बोटांना सोडत नाही. काल मी पिशवीभर शेंगा आणल्या, गॅलरीत उन्हाला बसून सोलायला घेतल्या, आणि हात नाकाशी गेला तेव्हा वाटलं, या वासात काहीतरी कमी आहे. बऱ्याच वेळानं लक्षात आलं. रबराचा वास नव्हता.

मी एकोणीस वर्षांची होते त्या हिवाळ्यात माझ्या बोटांना हे दोन्ही वास एकदम येत. सकाळी आईबरोबर शेंगा सोलायच्या आणि दुपारी अण्णांच्या दुकानात टायर लोटायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. तीनशे वर्षांपूर्वी आमच्यातलं कुणीतरी घोड्यावरून या गावात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नडातले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, असे शब्द इतके मिसळले की पुण्याहून आलेले पाहुणे आमचं बोलणं दोनदा विचारून घेत.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या थंडीचं कौतुक तेव्हा बंगळूरलाच होतं. आठ वाजेपर्यंत लालबागेवर धुकं असे, सायकलवाले तोंडातून वाफ सोडत जात, आणि गावातले सगळे पुरुष दसरा सरला की कानांवरून मफलर गुंडाळून घेत ते शिवरात्रीलाच सोडत. अण्णांचा मफलर तपकिरी होता, आईनं विणलेला. त्या वर्षी ते तो भर दुपारीही काढत नसत. आम्हाला वाटे, वय होतंय, थंडी जास्त लागते.

त्यांचं दुकान कलासिपाळ्यच्या बाजूला होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, समोर फरशी आणि भिंतीवर टांगलेली चाकं. सायकलला असतात तशी तारांची चाकं असलेल्या परदेशी गाड्या त्या वेळी छावणीच्या भागात, ज्याला आम्ही दंडू म्हणत असू तिथं, बऱ्याच होत्या. अण्णा ती चाकं बांधत. एका चाकात साठ तारा. प्रत्येक तारेवर अण्णा आपल्या छोट्या चावीनं हलकी टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. ताणलेली तार टण्ण बोले, सैल झालेली थड्ड करी. मग ती चावीनं थोडी आवळायची, पुन्हा टिचकी. साठही तारा एका सुरात आल्या की चाक फिरवून सोडायचं, आणि ते जराही न डुलता कितीतरी वेळ फिरत राही. लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून मी हा टण्ण-टण्ण आवाज तासन् तास ऐकला आहे.

त्या डिसेंबरात कॉलेजला नाताळची सुट्टी लागली आणि अण्णा म्हणाले, "सुशी, दुपारी दुकानात ये. इंग्रजी वाचायचं काम आहे."

काम डॉक्टर मुत्तम्मांचं होतं. त्या कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या. चाळिशीच्या, उंच, केस घट्ट बांधलेल्या, आणि इथल्या एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या डॉक्टर. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी बुटकी, हिरवी, उघड्या टपाची गाडी होती. ती मूळ त्यांच्या भावाची. भाऊ जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींत ती पळवायचा. तो कायमचा इंग्लंडला गेला आणि गाडी बहिणीला देऊन गेला. बहीण शर्यतीत जात नसे, पण गाडी भावापेक्षा बरी चालवते असं अण्णांचं मत होतं. दर पंधरवड्याला शुक्रवारी दुपारी ती एकटी निघे, म्हैसूरला मुक्काम करी आणि शनिवारी पहाटे गुडलूरचा घाट चढून उटीपलीकडच्या मळ्यांतल्या एका छोट्या इस्पितळात पोहोचे. तिथं दुसरी बाईडॉक्टर नव्हती. अडलेल्या बायका तिची वाट बघत.

डॉक्टरम्मा दुकानात आल्या त्या दिवशीची त्यांची गाडी मला आठवते. पुढचा डावा मडगार्ड चेपलेला होता.

"मेस्त्री, गेल्या खेपेला घसरले," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, जणू बाजारात कुणी भेटलं होतं असं सांगावं तसं. "वरच्या वळणावर दव गोठून गवत पांढरं झालं होतं. रस्ताही. ब्रेक लावला तर गाडी सरळच गेली. कठड्याच्या दगडानं अडवली."

"दगडापलीकडं काय होतं?" अण्णांनी विचारलं.

"काही नव्हतं."

अण्णा गाडीपाशी उकिडवे बसले. टायर शर्यतीचे होते, उथळ खाचांचे. त्यांनी थंडीनं कडक झालेल्या रबरावर अंगठ्याचं नख दाबलं. नख उमटलं नाही.

"कोरड्या उन्हात हे चिकटून चालतात," ते म्हणाले. "थंडीत लाकूड होतं त्यांचं."

"मग मला हिवाळ्याचे टायर द्या. विलायतेत मिळतात म्हणे."

"आपल्याकडं हिवाळा मिळतो, अम्मा, स्वेटर मिळतो. हिवाळ्याचे टायर कुठून आणू?"

परदेशी माल येणं तेव्हा जवळजवळ थांबलंच होतं. पण डॉक्टरम्मा ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या खेपेला त्यांनी उटीकडून चार टायर आणले. मायदेशी परतलेल्या कुणा मळ्याच्या साहेबाच्या गोदामात ते पडून होते. बर्फात चालण्यासाठीच केलेले, बोटभर खोल खाचांचे. वापर जवळजवळ नाहीच. त्यांच्या कडेवरची इंग्रजी अक्षरं वाचायला मी हवी होते. मी वाचून दाखवलं, माप जुळत होतं. डॉक्टरम्मांचा चेहरा खुलला. माझाही खुलला असावा, कारण ते टायर दिसायला फार सुंदर होते.

अण्णांनी एक टायर मांडीवर घेतला. वास घेतला. मग दोन्ही हातांनी कडा दाबून त्याला वाकवलं आणि मला म्हणाले, "खाचेच्या तळाशी बघ."

खाचेच्या तळाशी केसासारख्या चिरा उघडल्या होत्या. हात सोडला की मिटत होत्या.

"दहा वर्षं पडून आहे हा. वरून नवा दिसतो. घाटात तापला की फाटेल." त्यांनी टायर बाजूला ठेवला. "हे नकोत."

डॉक्टरम्मांनी वाद घातला नाही. एवढ्या लांबून लादून आणलेले टायर त्यांनी तिथंच सोडले.

पुढचे चार दिवस मी सकाळीच दुकानात जाई आणि आम्ही टायर निवडत असू. देशात तयार होणारे, साध्या घरगुती गाड्यांचे. अण्णा व्यापाऱ्यांकडून एकेक नमुना आणत आणि पहाटे उघड्या फरशीवर ठेवून देत. सकाळी दवानं भिजलेल्या थंडगार टायरवर नख दाबून बघत. मी मापं वाचून वहीत लिहीत असे. एका टायरच्या खाचा खूप खोल होत्या, पण रबर राठ होतं. दुसरं मऊ, पण कडा दुबळी. घाटातल्या वळणांना टिकणार नाही. शेवटी त्यांनी निवडला तो दिसायला अगदी मामुली होता. बारीक-बारीक ठोकळ्यांची दाट नक्षी, मध्यम खोली. पण थंडीतही त्याच्यावर नख उमटत होतं.

"हा धरेल," अण्णा म्हणाले. "जोर कमी देईल, पण धरेल."

मी तीस-एक वर्षं मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. घर्षणाचा धडा आला की फळ्यावर आकृती काढण्याआधी माझ्या डोळ्यांपुढे तो दवानं ओला टायर आणि त्यावर उमटलेली अण्णांच्या नखाची चंद्रकोर येई. मुलींना मी ते कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

टायर ठरले, मग चाकांचा प्रश्न आला. आणि अण्णांनी एक विचित्र गोष्ट सांगितली.

"अम्मा, तारांची चाकं काढून टाकू. पत्र्याची घालू. दंडूत याच जातीची एक ठोकलेली गाडी पडून आहे. तिचे हब आणि चाकं मिळतील."

डॉक्टरम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही. तारांचं चाक हलकं असतं, वळणावर गाडी हातात राहते, ब्रेकला वारा लागतो, हे सगळं अण्णांकडूनच ऐकत मी मोठी झाले होते. पत्र्याच्या चाकाला ते 'परात' म्हणत.

"तुम्ही सांगताय हे, मेस्त्री?"

"दवानं तारा गंजतात," अण्णा म्हणाले. ते खोटं बोलत होते हे मला लगेच कळलं, कारण खोटं बोलताना ते हत्यारं पुसत.

"विचार करते," डॉक्टरम्मा म्हणाल्या. "गुरुवारी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. अण्णा रस्त्याकडे पाठ करून बसले होते, पुढ्यात हिरव्या गाडीचं एक चाक. मी हाक मारली. मग पुन्हा मारली. कामात असले की ते असेच, म्हणून मी पायरीवर बसले. ते एकेका तारेवर टिचकी मारत चालले होते. टण्ण, टण्ण, टण्ण, थड्ड, टण्ण. ते पुढं गेले. त्या थड्डपाशी थांबले नाहीत.

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले.

"अण्णा, ती तार सैल आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि त्या एका क्षणात मला गेल्या वर्षभरातलं सगळं समजलं. भर दुपारचा मफलर. आई अलीकडं स्वयंपाकघरातून ओरडून बोलायची, आणि मीही. घरात कुणी काही ठरवलं नव्हतं, पण आमचे सगळ्यांचे आवाज हळूहळू चढत गेले होते आणि आमच्यातल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

ते चावीकडे बघत सांगू लागले. लढाईच्या काळात विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांनी सहा वर्षं रिव्हेट ठोकली होती. त्यातच कान गेले असावेत, त्यांनी सांगितलं, पण ते कळायला वेळ लागला. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलची घंटा. माणसांचं बोलणं अजून येतं, समोर असलं तर. तारेचा आवाज मात्र गेला.

"हातानं कळतं ना पण? दोन तारा चिमटीत धरून?"

"बरंच कळतं. सगळं नाही." मग खाली बघून म्हणाले, "गेल्या महिन्यात अम्मांच्या गाडीची चाकं मीच तपासून दिली. ती परत आली तेव्हा मागच्या चाकात दोन तारा हलत होत्या. मीच सोडलेल्या. ती घसरली ते थंडीनंच असेल. पण मला काय माहीत?"

मी म्हणाले, "मी ऐकते. मला येतं."

"पोरी, तो खेळ नाही."

"खेळ म्हणून म्हणत नाही. बघा तरी."

त्या दुपारी आम्ही चारही चाकं घेतली. आधी अण्णांनी हातानं तपासलं आणि नऊ तारांना खडूची खूण केली. मग ते बाजूला झाले आणि मी टिचकी मारत गेले. दोनशे चाळीस तारा. त्यांच्या नऊ मला बरोबर सापडल्या. आणखी दोन सापडल्या, त्यांच्या हातातून निसटलेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्याकडे वळून हसले. अण्णा हसले नाहीत. ते त्या दोन तारांवर बोट ठेवून बसून राहिले होते.

डबा तसाच राहिला. मग ते म्हणाले, "चांगली तार कशी वाजते, सांग बघू."

"टण्ण वाजते."

"तेवढंच?"

"तेवढंच येतंय."

"मारून थांब. घाई करू नकोस. त्याच्या मागून अजून एक आवाज येतो, बारीक. तो लांब जातो. तो असला तर तार खरी."

मी टिचकी मारली आणि श्वास धरून थांबले. रस्त्यावरून घोड्याचा एक जटका गेला. मग टण्णच्या खालून, जवळजवळ नाहीसा होता होता, एक बारीक सूर निघाला आणि चाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन विरला. जन्मभर त्या पायरीवर बसून मी तो ऐकला नव्हता.

"आहे," मी म्हणाले. "आहे, अण्णा."

त्यांनी धावेवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. "परत मार," म्हणाले. मी परत मारली. ऊन फरशीवरून सरकून पायरीपर्यंत गेलं तोवर आम्ही तेच करत होतो.

गुरुवारी डॉक्टरम्मा आल्या. अण्णांनी मफलर काढून घडी करून ठेवला आणि उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. कान, ते दोन तारांचं, आणि गंजाचं खोटं. मी हत्यारांच्या खोक्याकडे बघत होते. दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

"माहीत आहे मला," डॉक्टरम्मा म्हणाल्या. "वर्ष झालं असेल. मी पाठमोरी होऊन बोलले की तुम्ही 'सरी' म्हणता, काहीही विचारलं तरी. म्हणून मी समोर येऊन बोलते."

"तरी माझ्याकडं आलात?"

"चाक नीट नसलं तर तुम्ही ते देणार नाही, एवढं माहीत होतं. तारा सैल होत्या ते मला कळलंही नव्हतं. तुम्हीच शोधल्यात."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि आता हिचे कान आहेत ना? मग तारांचीच ठेवू. मला हलकी गाडी आवडते."

मी मान हलवली. मला तेच हवं होतं. पण अण्णा म्हणाले, "नको." मी चकित झाले. ते शांतपणे बोलले. "हिचा कान चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला होईल. पण ती इथं असते, तुम्ही घाटात असता. या थंडीत रस्त्यावर खड्डे, वर दव, आणि तारा वाटेतच सैल होतात. तिथं तुम्ही एकट्या. तिथं कोण टिचकी मारणार? तारांची चाकं उन्हाळ्यासाठी ठेवू. युगादीच्या पाडव्याला या, ही बांधून ठेवेल. हिवाळ्याला परात."

"हे खरं सांगताय की कान गेले म्हणून?"

अण्णांनी जरा विचार केला. "कान गेले म्हणून सुचलं," ते म्हणाले. "पण खरं आहे."

डॉक्टरम्मा गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "सरी, मेस्त्री," एवढंच म्हणाल्या.

पत्र्याची चाकं चढवली तेव्हा गाडी जरा जाडजूड दिसायला लागली, शाळेच्या बुटांत आलेल्या नवरीसारखी. निघताना अण्णांनी त्यांना तीन-तीनदा बजावलं, इथं दुपारी भरलेली हवा वरच्या थंडीत पहाटे उतरते, घाट चढण्याआधी तपासा. सोमवारी दहाला इस्पितळात जाण्याआधी दुकानावरून जाईन, असं सांगून त्या गेल्या.

तारांची चारही चाकं आम्ही भिंतीवर टांगली. पुढं युगादीला मी ती बांधली, आणि त्यानंतर आणखी कितीतरी. अण्णा हातानं बघत, मी कानानं. बी.एस्सी. झाले, शिकवायला लागले, तरी शनिवारी दुपारी दुकानात जातच असे. तारांच्या चाकांच्या गाड्या हळूहळू संपल्या, तसं दुकानही. अण्णांना शेवटी काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढत असू आणि ते मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं, उत्तर देत. पण ते सगळं नंतरचं.

त्या सोमवारी डॉक्टरम्मा आल्या नाहीत.

दहा वाजले, अकरा वाजले. अण्णा पायरीवर उभे. दुपारी मी म्हणाले, थेट इस्पितळात गेल्या असतील. अण्णांनी तिथं जाऊन विचारून यायला सांगितलं. मी गेले, त्या आल्या नव्हत्या, निरोपही नव्हता. परत येऊन तसं सांगितलं. त्यांनी बाजूला ठेवलेला नमुन्याचा टायर घेतला आणि नख दाबून बघितलं. मग पुन्हा बघितलं. त्या संध्याकाळी घरी पानात अवरेकाईची उसळ होती, त्यांची आवडती. त्यांनी ती चिवडली आणि उठले.

मंगळवारी सकाळपासून ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले, म्हैसूरकडून गाड्या येत त्या दिशेला तोंड करून. गिऱ्हाईक आलं की हातानं 'नंतर' अशी खूण करत. मी दुकानात वही उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. इतकं सगळं तपासून निवडलं, तरी रस्त्यावरच्या एका पांढऱ्या थरापुढं त्याला किती अर्थ असतो, हे मला कळेना.

दीडच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. मी ओळखला, पण तो उलट्या बाजूनं येत होता, इस्पितळाकडून. हिरवी गाडी अण्णांच्या मागून आली आणि दुकानासमोर थांबली. चिखलानं माखलेली, पण सबंध. अण्णा तिच्याकडे पाठ करून दूरवर रस्ता बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी हाक मारायला उठले, तर डॉक्टरम्मांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. त्या खाली उतरल्या. दोन दिवस तेच लुगडं अंगावर असावं, इतकं ते चुरगळलं होतं. त्या अण्णांना लांबून वळसा घालून रस्त्यावरून पुढं गेल्या, जिथं त्यांची नजर लागली होती तिथं जाऊन थांबल्या, आणि मग त्यांच्याकडे चालत आल्या, म्हणजे ते दचकणार नाहीत.

अण्णांना त्या दिसल्या. ते जागचे हलले नाहीत.

डॉक्टरम्मा अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "जुळी होती, मेस्त्री. त्यामुळं दोन दिवस निघता आलं नाही. तिघंही बरी आहेत. आत्ता इस्पितळात सांगून इकडं आले." जरा थांबून म्हणाल्या, "धरलं. सगळ्या वळणांवर धरलं."

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, 'मी बरोबर ऐकलं ना?' असं विचारल्यासारखं. मी मान हलवली. ते गाडीपाशी गेले, वाकले आणि चारही टायरांवरून एकेक करून हात फिरवला. मग हात धोतराला पुसून उठले.

"सुशी," ते म्हणाले, "डबा उघड. अम्मा जेवल्या नसतील."